जिंगलच्या कललेल्या काचा

१

शपथेवर सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. मी त्या दुपारी तिथेच होतो. तिथेच म्हणजे अगदी तिथे नाही. टॉलिव्हर गावात, न्हाव्याच्या खुर्चीत, तोंडाला फेस लावून. पण व्हर्लिन पॉटीट माझा जुना मित्र, आणि व्हर्लिन खोटं बोलत नाही. बोलतो, पण फक्त मासे आणि बायका यांच्या बाबतीत, आणि या गोष्टीत दोन्ही नाहीत. एक बाई आहे, पण ती त्याची बहीण.

व्हर्लिनचा धंदा पाडापाडीचा. हा शब्द मात्र त्याच्यासमोर काढायची सोय नव्हती. "पाडतात ती घरं," तो म्हणायचा, "मी उकलतो." आणि ते खरंच होतं. रस्त्याकडेची ती जुनी हॅम्बर्गरची दुकानं मुळात उकलण्यासाठीच बांधलेली. आत लोखंडी सांगाडा, त्यावर पांढऱ्या इनॅमलचे पत्रे बोल्टने आवळलेले. रस्ता सरकला की दुकान सुटं करायचं, ट्रकवर घालायचं आणि रस्त्याच्या मागोमाग न्यायचं, अशी त्या काळच्या लोकांची कल्पना. एकाचं छप्पर विमानाच्या पंखासारखं, एकावर घराएवढा पत्र्याचा बूट, एकाच्या डोक्यावर फिरणारी तबकडी. लांबून येणाऱ्या ड्रायव्हरला ते मैलभर आधी दिसलं पाहिजे आणि त्याचा पाय ब्रेकवर गेला पाहिजे, बस.

मग मोठा रस्ता गावांना वळसा घालून गेला. पण असली दुकानं एकदम मरत नाहीत. आधी त्या पंखावर तपकिरी कौलं चढतात. मग काचांच्या जागी विटा येतात. मग तिथे करसल्लागार बसतो, त्याच्यानंतर गहाणवटीवाला, त्याच्यानंतर कुत्र्यांचे केस कापणारी बाई. शेवटी नुसतं काँक्रीट उरतं. व्हर्लिनला मात्र कितीही कपडे चढवले तरी अशा दुकानाची हाडं ओळखू यायची. एकदा बँकेच्या रांगेत त्याने मला कोपराने ढोसलं आणि म्हणाला, "तू आत्ता उभा आहेस ना, बरोबर तिथे बटाटे तळायची कढई होती." तेव्हापासून त्या बँकेत मला भूक लागते.

त्याने सुटे केलेले पत्रे डॅलसचे पैसेवाले लोक घेत आणि स्वतःच्या स्वयंपाकघरात लावत, जिथे कुणी स्वयंपाक करत नसे. व्हर्लिनचं त्यावर चालायचं.

त्या वर्षी जुना रस्ता रुंद करायचं ठरलं आणि 'जिंगल ड्राइव्ह-इन' त्याच्या वाट्याला आलं. महिनाअखेरपर्यंत जे काढता येईल ते त्याचं, नंतर बुलडोझर. आमच्या भागात न बदलता उरलेलं ते शेवटचं. कौलं नाहीत, विटा नाहीत. जसं बंद झालं तसंच उभं.

२

ओलीटा व्हर्लिनपेक्षा पुष्कळ मोठी. आई गेली तेव्हा हा अजून बाटलीने दूध पीत होता. तिने शाळा सोडली, जिंगलमध्ये गाड्यांपर्यंत ट्रे नेणारी पोरगी म्हणून लागली आणि तिथल्या बक्षिशीवर याला वाढवलं. त्याचे बूट, त्याच्या वह्या, त्याचे पुढचे दात, सगळं जिंगलच्या गिऱ्हाइकांनी दिलेलं, असं ती म्हणायची. तिचं लग्न झालं नाही, याचं टिकलं नाही. दोघं एकाच घरात राहत आणि दिवसभर एकमेकांची उणीदुणी काढत. आता तिचं कंबरेचं हाड झिजलं होतं. काठीशिवाय चार पावलं टाकता येत नव्हती. ही आता पडली तर उठणार नाही, असं डॉक्टरने व्हर्लिनला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आणि तेव्हापासून तो तिच्या मागे मागे असा फिरायचा की ती वैतागायची.

जिंगल बंद झाल्यापासून ओलीटा त्या रस्त्याने कधी गेली नव्हती. व्हर्लिन पत्रे काढायला निघाला त्या शनिवारी आली ती भांडूनच.

"तू शिडीवर चढणार, वारा सुटलाय आणि शिडी धरणार कोण? तुझा पणजोबा?"

"तू धरणार? तुला स्वतःला धरायला एक माणूस लागतो."

"मी गाडीत बसेन. तू पडलास की हॉर्न वाजवेन. लोकांना कळायला नको?"

मार्चमध्ये आमच्याकडे वारा सुटला म्हणजे नांगरलेल्या शेतांची माती उठते. ते दोघं जिंगलला पोचेपर्यंत आकाश शिळ्या कॉफीच्या रंगाचं झालं होतं. भर दुपारी रस्त्यावरच्या सगळ्या गाड्यांनी दिवे लावले होते, व्हर्लिननेही. त्याने पिकअप छताखाली, दुकानाच्या तोंडाशी लावली. इंजिन बंद केलं. दिवे तसेच.

"दिवे बंद कर," ओलीटा म्हणाली.

"बोल्ट दिसायला नकोत?"

"टॉर्च घे."

"बॅटरी नवी आहे गं."

"बॅटरीचं कोण बोलतंय."

तेव्हा त्याच्या लक्षात आलं आणि तो हसला. जिंगलमध्ये हॉर्न वाजवायचा नाही, हाक मारायची नाही. जागेवर गाडी लावायची आणि हेडलाइट लावायचे. ते पाहून आतून पोरगी धावत यायची. तिने ट्रे अडकवावा म्हणून खिडकीची काच अर्धी खाली करायची. खाऊन झालं की पुन्हा दिवे, म्हणजे ती ट्रे न्यायला यायची. मालक ग्रोव्हरचा नियम एकच: दिवे लावलेल्या गाडीला ताटकळत ठेवायचं नाही. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही माहीत.

"ग्रोव्हरला पुरून किती वर्षं झाली, ओलीटा. ऑर्डर घ्यायला येतंय कोण?"

"बंद कर म्हटलं ना."

व्हर्लिनमध्ये वात्रटपणा उपजतच. त्याने दिव्यांची दोनदा उघडझाप केली आणि पुन्हा लावून ठेवले. "दोन मिल्कशेक," तो दुकानाकडे पाहून म्हणाला. "एक हिच्यासाठी, साखर कमी."

ओलीटा हसली नाही. तिने आपल्या बाजूची काच घट्ट वर केली आणि हात मांडीवर ठेवून समोर बघत बसली. दिवे राहिले.

३

छताच्या कडेचा पत्रा आधी काढायचा, मग भिंतीचे, वरून खाली. हे काम व्हर्लिन डोळे मिटून करू शकला असता. माती इनॅमलवर आपटत होती. तापलेल्या तव्यावर कांदा पडावा तसा आवाज येत होता, सारखा, न थांबता. त्याला त्या आवाजाची गंमत वाटली. नंतर त्याला असं वाटलं की वाऱ्याचा झोत थांबतो तेव्हाही तो आवाज थांबत नाही. त्याने कान दिला. थांबत होता की. कानात माती गेली की असं होतं, त्याने स्वतःला सांगितलं आणि पाना पुन्हा लावला.

बोल्ट सहज निघत होते. हे त्याला खटकलं. इतक्या वर्षांचे बोल्ट गंजून बसलेले असतात, त्यांना तेल पाजावं लागतं, शिव्या द्याव्या लागतात. हे मऊ होते. त्याने बोट फिरवलं. बोटाला चिकट लागलं. वास घेतला. तळणाचं तेल.

"जुनं तेल," तो मोठ्याने म्हणाला. "धुरातून चढतं वर." ते खरंच होतं, अशा दुकानाच्या छतावर वर्षानुवर्षांचं तेल बसतंच. फक्त ते वाळून डांबरासारखं बनतं. हे वाळलेलं नव्हतं.

शिडीवरून खाली उतरताना त्याला काचेत दोन दिवे दिसले. पिवळे, मिणमिणते, शेजारी शेजारी. आपल्याच पिकअपचे, समोरच्या काचेत उमटलेले. त्याने पाना खिशात घातला, हातमोजा दातांनी ओढून काढला आणि मग त्याचा हात तसाच राहिला.

जिंगलच्या काचा कललेल्या होत्या. वरचा काठ बाहेर, खालचा आत. लोकांना ती फॅशन वाटायची. व्हर्लिन शंभर गिऱ्हाइकांना समजावून थकला होता की फॅशन नाही, अक्कल आहे: समोर उभ्या गाडीचे दिवे अशा काचेवर पडले की उजेड खाली जमिनीकडे वळतो, बाहेर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत येत नाही. कललेल्या काचेत समोर उभ्या माणसाला हेडलाइट दिसत नाहीत. ती काच त्यासाठीच कललेली असते.

त्याने खाली पाहिलं. त्याच्या पिकअपचा उजेड, पांढरा, काचेवरून परतून काँक्रीटवर पडला होता. जिथे पडायला हवा तिथेच.

म्हणजे ते दोन पिवळे दिवे काचेत नव्हते. काचेपलीकडे होते. जिंगल आरपार काचेचं; अलीकडून पाहिलं की स्वयंपाकघर ओलांडून पलीकडच्या गाड्यांची रांग दिसायची. तिथे कुणीतरी गाडी लावून दिवे लावले होते.

४

वादळात आडोसा शोधत कुणीतरी आलं असेल. यात न पटण्यासारखं काही नव्हतं. व्हर्लिन दुकानाला वळसा घालून मागे गेला, माणूस भेटला तर दोन शब्द बोलावे म्हणून.

मागची रांग रिकामी होती.

काँक्रीटवर सगळीकडे मातीचा थर बसला होता, बोटभर. फक्त एका जागी नव्हता. तिथे लांबट चौकोन स्वच्छ होता, कोपरे गोल, गाडीखालची जमीन राहते तसा. व्हर्लिन बघत असताना वाऱ्याबरोबर माती आली, त्या चौकोनाच्या कडेपर्यंत आली, आणि कडेला साचत राहिली.

भिंतीमुळे वारा भोवऱ्यासारखा फिरतो, त्याने विचार केला. पुस्तकात असेल कुठेतरी. तो चौकोनात पाय ठेवून बघणार होता. पाय उचलला, आणि ठेवला नाही. पुढे तो मला म्हणाला, "कुणाच्या अंगावर पाय पडेल असं वाटलं. बावळटपणा." मी हो म्हटलं.

पुढे येऊन बघतो तर पिकअपमध्ये ओलीटा नाही. काठी सीटवर.

चार पावलं न टाकता येणारी बाई काठीशिवाय गेली कुठे? तो "ओलीटा" म्हणून ओरडला आणि दुकानात शिरला.

ती स्वयंपाकघरात उभी होती, ज्या खिडकीतून आचारी ट्रे बाहेर सरकवायचा त्या खिडकीशी. एका हाताने कट्टा धरलेला. आत वीज नव्हती, पण इनॅमलवरून परतून आलेला उजेड सगळीकडे होता, दुधासारखा.

"वेडी आहेस का तू? पडली असतीस म्हणजे?"

"हळू बोल."

"का हळू? आहे कोण इथे?"

"कट्टा बघ," ती म्हणाली. "हात लावून बघ."

त्याने हात लावला. लोखंडी कट्टा कोमट होता. "ऊन," तो म्हणाला. मग त्याने बाहेरच्या तपकिरी आकाशाकडे पाहिलं आणि हात काढून घेतला.

"शेवटच्या दिवशी ग्रोव्हरने भर दुपारी शटर ओढलं," ओलीटा म्हणाली. आवाज रोजचाच, बाजारातली गोष्ट सांगावी तसा. "नवा रस्ता त्याच दिवशी सुरू झाला होता. म्हणाला, पोरींनो, घरी जा. संपलं."

"माहीत आहे मला. तू घरी येऊन रडलीस."

"बाहेर गाड्या होत्या, व्हर्लिन."

"असतील. मग?"

"दिवे लावून बसल्या होत्या."

"आणि मग निघून गेल्या. लोक निघून जातात, ओलीटा."

ती काचेतून मागच्या रांगेकडे बघत राहिली. "मी बस पकडली," ती म्हणाली. "त्यांना जाताना मी काही बघितलं नाही."

व्हर्लिनने तिचा दंड धरला. लहानपणी रस्ता ओलांडताना ती त्याचा धरायची तसा, जरा जास्तच घट्ट. "चल. घरी जाऊ. पत्रे गेले खड्ड्यात. तुला गाडीत बसवतो, दिवे बंद करतो, निघतो."

"आता बंद करून काय," ती म्हणाली. पण चालू लागली.

५

त्याने तिला दारापर्यंत आणलं, दाराच्या दांडीला धरून उभं केलं. "काठी आणतो. हलू नकोस. शपथ आहे तुला." पिकअप समोरच होती. तो धावला, आत वाकला आणि आधी दिव्यांचं बटण ओढलं.

दिवे विझले. समोरची इनॅमलची भिंत तशीच उजळलेली राहिली.

व्हर्लिनने बटण पुन्हा दाबलं, ओढलं. त्याच्या दिव्यांचा त्या उजेडाशी काही संबंध नव्हता. त्याच्या पाठीवरून, दोन्ही बाजूंनी, छताखालच्या प्रत्येक जागेतून पिवळा मिणमिणता उजेड येऊन त्या भिंतीवर पडला होता. मागे वळून बघायचं नाही असं त्याने ठरवलं. काठी घ्यायची, ओलीटाला घ्यायचं, निघायचं. त्याने काठी घेतली.

आणि त्याला पावलं ऐकू आली. हलकी, भराभर, टाचा न टेकवता. काँक्रीटवर रबरी तळव्यांचा चपचप आवाज. तो आवाज त्याला पाळण्यात असल्यापासून माहीत होता. कामावरून उशिरा घरी येताना ओलीटा अशी यायची, हा उठू नये म्हणून.

तो वळला.

धुळीत ती धावत होती. एक हात खांद्याच्या वर, तळव्यावर ट्रे. कंबर सरळ. पांढरे केस धुळीने तपकिरी दिसत होते, किंवा तपकिरीच होते, त्याला सांगता येत नाही. "ओलीटा," तो ओरडला, "पडशील." तिने मान अर्धी वळवली. "आले, आले," ती म्हणाली, आणि ते त्याला नव्हतं.

रांगेच्या टोकाच्या गाडीपाशी ती थांबली. जुनी, गोल पाठीची गाडी. खिडकीची काच खाली जाऊ लागली. अर्धी गेली आणि थांबली, ट्रे अडकवण्यापुरती.

आत अंधार असायला हवा होता. आत माती होती. शेताची, तपकिरी, टपापर्यंत भरलेली. काच खाली गेली तरी त्यातला एक कणही बाहेर सांडला नाही. ती ओलीटाकडे झुकली, एवढंच. सगळी मिळून, जेवण समोर आल्यावर माणूस झुकतो तशी.

रांगेतल्या बाकीच्या गाड्यांच्या काचा एकापाठोपाठ एक खाली यायला लागल्या.

६

वारा पडला तेव्हा व्हर्लिन काँक्रीटवर गुडघे टेकून बसलेला होता, हातात काठी. छताखाली एकही गाडी नव्हती. तो धडपडत पिकअपकडे गेला आणि बघतो तर ओलीटा आपल्या जागेवर बसलेली, केसांना रुमाल बांधून, कपाळाला आठ्या.

"किती वेळ लावलास," ती म्हणाली. "एक पत्रा काढायला? मी म्हटलं, म्हातारा झाला बहुतेक वर."

त्याने तिची काठी तिच्या मांडीवर ठेवली आणि घरी आणलं. त्या रात्री तिने मक्याची भाकरी आणि घेवडा केला, आणि घेवड्यात मीठ कमी पडलं म्हणून दोघं भांडले. गोष्ट संपली.

संपली असती. पण सुरुवातीला शपथ घेतली आहे, तेव्हा एवढा वरचा तुकडा मागे घेतो. ओलीटा पिकअपमध्ये सापडली, हे मी घातलं. घेवडाही मीच शिजवला. इतर कुठे मी तिखटमीठ लावलेलं नाही. पिकअप रिकामी होती. शेरीफने कुत्री आणली, शेतं पालथी घातली, कोरड्या ओढ्यात माणसं उतरवली. म्हातारी बाई वादळात भरकटली असेल, असं सगळ्यांनी ठरवलं. काठीशिवाय किती लांब गेली असेल, हे विचारायचं कुणी धाडस केलं नाही.

व्हर्लिनने महिनाअखेरपर्यंत एकट्याने जिंगल उकललं. रोज पहाटे जायचा. एक बोल्ट मागे ठेवला नाही. आम्हाला वाटलं, विकून टाकेल आणि गाव सोडेल. त्याने डॅलसच्या लोकांना परत पाठवलं आणि आपल्या घरामागे, गव्हाच्या शेतात, जिंगल पुन्हा उभं केलं. पत्र्याला पत्रा लावून. छताचा पंख, आचाऱ्याची खिडकी, कललेल्या काचा, दोन्ही बाजूंना काँक्रीट ओतून गाड्यांच्या रांगा. समोर रस्ता नाही. मैलभर नुसता गहू आणि मध्ये ते पांढरं दुकान. जन्मभर दुसऱ्यांची उकलणाऱ्या माणसाने बांधलेलं ते एकच.

मी एकदा त्याला म्हणालो, "व्हर्लिन, वेड्या, हे कशाला?"

"तिची जागा मी उकलली," तो म्हणाला. "मग ती येणार कुठे?"

तो समोर पिकअप लावून बसतो. हेडलाइट लावलेले, काच अर्धी खाली. मी त्याच्याबरोबर एकदाच बसलो. काय बघितलं ते सांगणार नाही, कारण मी सगळा वेळ स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होतो. व्हर्लिन मात्र समोर बघत होता आणि मधूनच हात खिडकीबाहेर काढून हळू म्हणत होता, "इकडे. आधी इकडे."

त्याच्या शेताच्या कडेने एक कच्ची वाट आमच्या घराकडे जाते; तिथून जिंगलच्या काचा दिसतात. गेल्या मार्चमध्ये मी तिथून येत होतो. माती अशी उठली होती की मला माझ्याच गाडीचं नाक दिसत नव्हतं, समोरून कुणी आलं असतं तर दोघं मेलो असतो. बायको शेजारी बसली होती. ती म्हणाली, "काय करतोस?"

मी दिवे विझवले होते.